गावच्या यात्रेतला फुकट गाण्याचा कार्यक्रम: तिकीट लावलं तर लोक किंमत करतील का?

नाही. तिकीट लावू नका.

तुमच्या हनुमान जयंतीच्या यात्रेत दरवर्षी गाण्याचा कार्यक्रम फुकट होतो, यंदा कमिटी पन्नास रुपये तिकीट लावायचं म्हणते, कारण काय तर फुकट असलं की लोक किंमत करत नाहीत. शिवाय गावातलीच मंडळी घ्यावीत की नागपूरहून ऑर्केस्ट्रा आणावा, हाही तुमचा प्रश्न आहे. दुसऱ्याचं पुढे पाहू. पहिल्याचं आत्ताच सांगतो, कारण ते किमतीचं वाक्य आमच्या भाऊजींचं आहे, शब्दन् शब्द, आणि त्यांच्याशी माझा हा वाद अजून मिटलेला नाही.

मी ढोलक वाजवतो. पोट शेतीवर आहे. गाव अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यातलं, तुकडोजी महाराजांचा आश्रम असलेलं गुरुकुंज मोझरी जवळच, त्यामुळे त्यांची खंजेरी भजनं आमच्याकडे कोणाला वेगळी शिकवावी लागत नाहीत. चैत्र लागला की आमच्या पट्ट्यात रोज कुठे ना कुठे गाणं असतं. रामनवमी, हनुमान जयंती, १४ एप्रिलची जयंती, ३० एप्रिलला महाराजांचा जन्मदिवस म्हणजे ग्रामजयंती, मग बुद्धपौर्णिमा. गहू-हरभरा घरात आलेला असतो, कापूस विकून झालेला असतो, मृगाला अवकाश असतो. दिवसा ऊन माणसाला घराबाहेर पडू देत नाही, त्यामुळे सगळा गाव रात्री जागा होतो. भजन स्पर्धा असो, दुय्यम कव्वालीचा, म्हणजे दोन कव्वालांच्या सवाल-जवाबाचा, सामना असो, यातल्या एकाही ठिकाणी मी आजवर तिकीट पाहिलं नव्हतं. जयंतीला विहारासमोर कव्वाली लागली की सतरंजीवर बसलेली माणसं एकेक शब्द तोलून ऐकतात, कव्वालानं जोडीदारणीच्या सवालाला नीट जवाब दिला नाही तर तिथल्या तिथे सुनावतात. त्यांनी काय एक रुपया दिलेला असतो? मग किंमत करत नाहीत हे कोणी ठरवलं?

आणि फुकट म्हणजे कोणीच पैसे देत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा वर्गणीचं पावती बुक घेऊन गावात फिरून यावं. कोणी शंभर देतो, कोणी पाचशे, कोणी पायलीभर तूर देतो महाप्रसादाला, ज्याच्याकडे काहीच नाही तो बंडी जुंपून स्टेजच्या पाट्या आणून देतो. वर बक्षीस वेगळं. गाणं रंगलं की माणूस उठतो, पेटीवर अकरा रुपये ठेवतो, आणि माइकवरून त्याचं नाव पुकारलं जातं, "मंडळ आभारी आहे." त्या अकरा रुपयांसाठी लोकांना मी घरी परत जाऊन पैसे आणताना पाहिलंय. पैसे सगळे देतात. फक्त दारात अडवून कोणी मागत नाही, एवढाच फरक आहे.

तर भाऊजी कमिटीचे अध्यक्ष झाले. बहीण गावातच दिलेली, म्हणून भाऊजीही गावचेच. पहिल्याच बैठकीत त्यांनी मारुतीच्या पारावर बसून सांगितलं, "फुकटाची किंमत नसते लेका. लोकं येतेत, खर्रा खातेत, गप्पा हाणतेत अन् उठून जातेत. पन्नास रुपये घेऊन तं पाह्य, कसे चुपचाप बसतेत."

मी म्हटलं, "भाऊजी, उठून जातेत तेच चांगलं हाय."

ते त्यांना कळलं नाही, तुम्हाला सांगतो. तिकीट काढलेला माणूस पैसे वसूल करायला बसतो. गायिका बेसूर झाली तरी बसतो, घोरत बसतो, पण बसतो. फुकट ऐकायला आलेल्याला कसलीच अडकाठी नसते. त्याला गाणं पटलं नाही तर तो धोतर झटकून घरी जातो. वाजवणाऱ्याला याच्याइतका खरा परीक्षक दुसरा मिळत नाही. आमच्या मंडळातले जुने लोक आजही रात्री अकराला सतरंजीवर किती माणसं उरली यावरून कार्यक्रमाचा निकाल लावतात. टाळ्यांना कोणी विचारत नाही.

असो. भाऊजींनी ऑर्केस्ट्राची सुपारी दिली, बयाणा पाठवला, तालुक्याहून कनात मागवली आणि शाळेचं मैदान चारी बाजूंनी बंद केलं. एक गेट, गेटवर दोन पोट्टे, टेबल, तिकिटांचं बुक. सतरंज्या काढून खुर्च्या लावल्या, कारण पन्नास रुपये घेऊन माणसाला खाली कसं बसवायचं? पुढे सोफे, ते पासवाल्यांचे. पास कोणाला, तर सरपंच, पोलीस पाटील, मोठे वर्गणीदार, त्यांचे जावई, त्या जावयांचे मित्र. दुपारी टँकरनं मैदान भिजवलं, तरी रात्री नऊला जमिनीतून वाफा निघत होत्या. उघड्या मैदानात निदान वारा लागतो, कनातीनं तोही अडवला.

आणि आवाज? कनातीनं नजर अडते हो, आवाज कसा अडेल? त्यात साउंडवाल्यानं सवयीप्रमाणे दोन भोंगे देवळाच्या दिशेनं, म्हणजे कनातीबाहेर तोंड करून बांधलेले. पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा आत पासवाले आणि थोडे तिकीटवाले होते. बाकी गाव बाहेर. कोणी ट्रॅक्टरची ट्रॉली कनातीला लावून तिच्यात अंथरूण टाकलेलं, कोणी स्लॅबवर, बाया शाळेच्या भिंतीलगत लेकरं घेऊन बसलेल्या, रसवंतीवाल्याचा धंदा जोरात. गायिकेनं गाणं संपवून हात जोडले आणि टाळ्या आल्या त्या बाहेरून. ती बिचारी क्षणभर गोंधळली. सोफ्यांकडे पाहिलं, तिथे एक जण मोबाइलवर बोलत होता. मग तिनं कनातीकडे वळून नमस्कार केला.

पुढचं मी स्टेजच्या बाजूला उभा राहून पाहिलंय. कनातीच्या दोन पट्ट्या जिथे दोरीनं बांधल्या होत्या तिथे चार बोटांची फट होती. तिच्यातून एक हात आत आला, मनगटापर्यंत, दहाच्या नोटेत गुंडाळलेली फर्माईशीची चिठ्ठी धरून. जवळच्या पोट्ट्यानं ती स्टेजवर नेली. लगेच दुसरा हात. निवेदक हुशार होता, तो वाचायला लागला, "ट्रॉलीतून फर्माईश आलेली आहे." बाहेर एकच हशा. आतल्या खुर्च्यांतून एकही चिठ्ठी आली नाही. मध्यंतरात मी एका तिकीटवाल्याला, आमच्याच धुऱ्याच्या शेजाऱ्याला, म्हटलं की काका, दरवर्षी तुम्ही बक्षीस देता, यंदा काय झालं? तो म्हणाला, "तिकीट काढलं ना बाप्पा. आता कायचं बक्षीस?"

हेच तुमच्या कमिटीला सांगा. भाऊजींना वाटलं तिकीट म्हणजे वर्गणीच्या वरची कमाई. लोकांनी हिशेब उलटा केला: तिकीट लावलं, म्हणजे वर्गणीतून सुटलो. घरोघर तेच उत्तर, "तमाशा तिकिटाचा, मंग चंदा कायले?" कनातीचं भाडं, खुर्च्यांचं भाडं, गेटवरच्या पोट्ट्यांचं जेवण, हे सगळे खर्च तिकिटानंच आणले आणि तिकिटाचा गल्ला त्यांच्यातच गेला. आणि एकदा वर्गणीची सवय मोडली की ती पुन्हा लागायला किती जड जातं, ते आम्ही नंतरची काही वर्षं भोगलं.

त्याच रात्री आणखी एक झालं. लग्नसराई होती, ऑर्केस्ट्राच्या ढोलकवाल्यानं त्याच तारखेचं लग्न धरलं आणि तो आलाच नाही. नुसत्या पॅडवर लावणी किती वेळ खपणार? भाऊजींनी मला हाक मारली. माझी ढोलक दिवसभर टिनाखाली होती, पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, उन्हानं इतकी ताणलेली की थाप मारली तर पत्र्यासारखी वाजायची. नट ढिले करत, तळहातानं दाबत तिला गायिकेच्या पट्टीच्या जवळपास आणलं आणि शेवटपर्यंत वाजवलं. ट्रॉलीतले लोक खाली उतरून नाचले. दुसऱ्या दिवशी मी बिदागी मागितली, जो न आलेला होता त्याच्या वाट्याची. भाऊजी म्हणाले, "घरचा माणूस तू. घरच्याले कायचे पैसे?" आणि शाल-श्रीफळ हातात ठेवलं. चैत्रात, बेचाळीसच्या उन्हात, शाल.

म्हणजे पाहा, ऐकणाऱ्याला फुकट दिलं तर किंमत राहत नाही असं म्हणणारा माणूस वाजवणाऱ्याकडून फुकट घेताना एक क्षण थांबला नाही.

भाऊजींचा यावर नेहमीचा डाव म्हणजे झाडीपट्टी. "वडश्याकडे पाह्य, लोकं तिकीट काढून रातभर नाटक पाहतेत." पाहतात, शंभर टक्के पाहतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत दिवाळीनंतर मंडई, म्हणजे तिकडच्या गावजत्रा, आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, यांना धरून नाटकांचा हंगाम लागतो, होळीच्या आसपास संपतो, वडसा म्हणजे देसाईगंज त्याचं केंद्र. त्या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पण ते नाटक आहे, ते डोळ्यांनी पाहावं लागतं, ट्रॉलीत पाठ टेकून अर्धंच मिळतं. शिवाय थंडीचे दिवस, बंद मंडप हवाहवासा वाटतो. आणि कित्येक पिढ्यांची सवय आहे, आपल्याकडे एका बैठकीत ठराव करून ती येत नाही. तुमचं गाव झाडीपट्टीतलं असेल आणि कार्यक्रम नाटकाचा असेल तर माझं ऐकू नका. हे आधी सांगायला हवं होतं कदाचित.

आता ऑर्केस्ट्रा की गावातले? गावातले. पण पैसे देऊन. नागपूरच्या पार्टीला जो बयाणा पाठवता तसाच आपल्या पेटीवाल्याला, खंजेरीवाल्याला आधी द्या, पाकिटात घाला, भले रक्कम कमी असेल. तो शेजारी राहतो म्हणून त्याचा रियाज फुकट होत नाही. सगळी रात्र गावातल्यांवर निघत नसेल तर बाहेरचा एखादा चांगला गायक घ्या आणि साथीला आपली मंडळी बसवा, खर्चही आवाक्यात राहतो. तारीख हातात असेल तर पंचांग पाहून दाट लग्नतिथी टाळा, त्या दिवशी बँडवाले, ऑर्गनवाले सगळे दुप्पट मागतात आणि तरी येतील याचा भरवसा नाही. हनुमान जयंती काही हलवता येत नाही, पण गाणं एक दिवस मागेपुढे करायला मारुतीची हरकत नसावी.

वेळेचं पण पाहा. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहे. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देता येते, त्या यादीत तुमचा दिवस आहे का हे आधीच विचारून घ्या, आणि पोलीस स्टेशनची परवानगी लेखी घ्या. नसेल तर दिवेलागणीला सुरू करा, जेवणं नंतर. नऊला सुरू करायचं आणि दहाला हातापाया पडायचं, असं करू नका. एक कायद्याची गोष्ट तिकिटाच्या विरोधात जाते तीही कमिटीच्या कानावर घाला: हौशी मंडळानं पैसे न घेता लोकांपुढे गाणी सादर केली तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली सूट आहे. धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलं तरी आहे. पण कमिटीच्या गल्ल्यासाठी तिकीट लावलं तर ती सूट सांगणं अवघड. मानधन घेऊन येणारा ऑर्केस्ट्रा मात्र हौशी नव्हे, त्याच्या परवान्याचं त्याला विचारा. पाण्याचे रांजण मंडपाच्या दोन्ही टोकांना ठेवा, बायांच्या बाजूला वेगळे.

तुमचं गाव मोठं असेल, तालुक्याचं असेल, बंद सभागृह असेल, तर पन्नास रुपये निघतीलही. मी दोनेक हजार वस्तीच्या गावाचं सांगतोय, जिथे कनातीबाहेरही आपलीच माणसं असतात.

भाऊजींनी परवा नवीन काढलंय. म्हणतात, यंदा गेटवर क्यूआर कोड लावू, सुट्ट्याची कटकट नको. मी म्हटलं, कोड लावा, गेट नका लावू. मंडपाच्या खांबाला चिकटवा, ज्याला बक्षीस द्यायचं तो देईल, नाव माइकवरून पुकारा. आणि त्यातून ढोलकवाल्याचे आधी बाजूला काढा.