वाचकांचे प्रश्न : ७ नोव्हेंबरला एवढी गर्दी कशी?

या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये बहुतेक प्रश्न एकाच तारखेचे निघाले. मागच्या अंकातल्या दिनविशेषच्या चौकटीत ७ नोव्हेंबरच्या नोंदी दिल्या होत्या ना, रशियन क्रांती १९१७, त्या क्रांतीतले एक मोठे नेते ट्रॉट्स्की यांचा जन्म १८७९, मेरी क्युरी १८६७, लीझ माइटनर १८७८, सी. व्ही. रामन १८८८, अमेरिकेतला टॅकोमाचा पूल कोसळला १९४०, रूझवेल्ट चौथ्यांदा निवडून आले १९४४, आंबेडकरांचा शाळाप्रवेश १९००, केशवसुतांचं निधन १९०५, कमल हासनचा जन्म १९५४, त्यावरून हे सगळं सुरू झालं. चौकटीत एका नोंदीला एकच ओळ मिळते आणि त्या ओळीत जे मावत नाही नेमकं तेच तुम्ही विचारलंय, म्हणून आजचं अख्खं पान याच तारखेला दिलंय.

प्रश्न : ताई, नाव ऑक्टोबर क्रांती आणि तुम्ही टाकलीत ७ नोव्हेंबरला, छपाईची चूक आहे का? आणि ट्रॉट्स्कींचा जन्म मी २६ ऑक्टोबरचा वाचलाय, क्रांती तर २५ ऑक्टोबरची. मग दोन्ही ७ नोव्हेंबरला कसे येतात? मधला एक दिवस गेला कुठे?

चूक नाही. रशियात तेव्हा जुनं म्हणजे ज्युलियन कॅलेंडर चालायचं आणि पश्चिम युरोप कधीचाच ग्रेगोरियनवर गेलेला, त्यामुळे तेव्हाची रशियन राजधानी पेट्रोग्राडच्या भिंतीवर २५ ऑक्टोबर असताना पॅरिसच्या भिंतीवर ७ नोव्हेंबर होता. क्रांतीला नाव पडलं ते तिथल्या भिंतीवरच्या तारखेचं, आणि आपण वाढदिवस नि स्मृतिदिन मोजतो ते आपल्या भिंतीवरच्या.

तुमचा दुसरा प्रश्न मात्र इतका छान आहे की मी खरंच कागद-पेन घेऊन बसले. ज्युलियन कॅलेंडरमध्ये दर चौथं वर्ष लीप, त्यात कसलीही अट नाही. ग्रेगोरियनमध्ये शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप, म्हणून १७००, १८०० आणि १९०० ही वर्षं जुन्यात लीप होती आणि नव्यात नव्हती. असं एकेक वर्ष आलं की दोन्हींतलं अंतर एका दिवसाने वाढायचं. एकोणिसाव्या शतकात अंतर १२ दिवसांचं होतं, १९०० चा फेब्रुवारी संपला आणि ते १३ झालं. आता मोजा. ट्रॉट्स्की १८७९ चे, म्हणजे २६ ऑक्टोबरमध्ये १२ मिळवायचे, आले ७ नोव्हेंबर. क्रांती १९१७ ची, म्हणजे २५ मध्ये १३ मिळवायचे, पुन्हा ७ नोव्हेंबर! तुमचा हरवलेला दिवस म्हणजे २९ फेब्रुवारी १९००, तो रशियात उजाडला आणि पॅरिसमध्ये उजाडलाच नाही.

आणि अजून एक गंमत आहे. 'अरोरा' युद्धनौकेवरून तो प्रसिद्ध बिनगोळ्याचा बार झाला २५ ऑक्टोबरच्या रात्री पावणेदहाच्या सुमारास, पण विंटर पॅलेसमध्ये घुसून हंगामी सरकारच्या मंत्र्यांना अटक होईपर्यंत मध्यरात्र उलटून दोन वाजून गेले होते. राजवाड्यातल्या छोट्या जेवणघरातलं घड्याळ त्या आठवणीसाठी २ वाजून १० मिनिटांवर थांबवून ठेवलेलं होतं, ते थेट शंभर वर्षांनी २०१७ मध्ये पुन्हा चालू केलं. म्हणजे अटकेच्या वेळी रशियन भिंतीवर २६ ऑक्टोबर लागला होता, तोच ट्रॉट्स्कींचा अडतिसावा वाढदिवस. दिनविशेषच्या एका ओळीत हे कुठून येणार!

पुढे क्रांती करणाऱ्या बोल्शेविकांनीच कॅलेंडर बदललं, ३१ जानेवारी १९१८ ला लोक झोपले ते उठले १४ फेब्रुवारीला. त्यामुळे त्याच्या आधीची कुठलीही रशियन तारीख दिसली की ती जुनी आहे का नवी हे आधी बघायचं, आणि बदलायची असेल तर शतक बघून किती दिवस मिळवायचे ते ठरवायचं. लेनिनचा जन्म जुन्या कॅलेंडरप्रमाणे १० एप्रिल १८७०, नव्याप्रमाणे २२ एप्रिल. कुणी सवयीने १३ मिळवले तर २३ येतात आणि ते चुकतं.

प्रश्न : क्युरी, माइटनर, रामन तिघंही एकाच दिवशी जन्मलेले आणि तिघंही भौतिकशास्त्रातले. या तारखेतच काही आहे का?

बऱ्याच जणांनी हे विचारलंय, काहींनी तर ग्रहांचंही लिहिलंय. माझं उत्तर सरळ आहे, तारखेत काही नाही. एका खोलीत कुठलीही २३ माणसं जमली तर त्यातल्या दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, ५७ जमली तर ९९ टक्के. जगात नावाजलेले शास्त्रज्ञ हजारोंनी झाले आणि वर्षात दिवस ३६६ च, मग प्रत्येक तारखेला दोन-चार जण सापडणारच. त्यातले एकाच विषयातले दिसले की आपल्याला नवल वाटतं, जे वेगवेगळ्या विषयांतले असतात त्यांच्याकडे लक्षच जात नाही.

माइटनरबाईंच्या बाबतीत तर तारखेचीच गंमत आहे. व्हिएन्नातल्या जन्मनोंदणीत त्यांची तारीख १७ नोव्हेंबर लिहिलेली आहे, बाकी सगळ्या कागदपत्रांत ७, आणि त्या स्वतःही ७ च लावायच्या. पण तारीख सोडा, या बाईंबद्दल मला मनापासून लिहायचंय, कारण जागा कमी पडली की बऱ्याच दिनविशेषांमध्ये आधी त्यांचंच नाव गळतं. १९३८ च्या जुलैमध्ये नाझी जर्मनीतून त्यांना निसटावं लागलं, तोपर्यंत बर्लिनमध्ये तीस वर्षं काम झालेलं, आणि त्या स्वीडनला पोचल्या. त्याच वर्षी नाताळात भाचा ऑटो फ्रिश भेटायला आला होता, दोघं बर्फात फिरायला निघाले, आणि विषय होता बर्लिनहून ओटो हान यांच्या पत्रातून आलेलं कोडं, की युरेनियमवर न्यूट्रॉन मारले तर बेरियम कसं काय निघतं? चालता चालता दोघं लाकडाच्या ओंडक्यावर बसले, खिशातले कागदाचे कपटे काढून गणित केलं, आणि तिथे उलगडलं की अणूचं केंद्रक दुभंगतंय. १९४४ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या हान यांना मिळालं. १०९ व्या मूलद्रव्याला पुढे माइटनेरियम नाव दिलं गेलं, पण तोवर त्या हयात नव्हत्या. मला ते नोबेल अजूनही खुपतं.

प्रश्न : माझ्या मुलीच्या शाळेत रामन यांची जयंती २८ फेब्रुवारीला केली. तुम्ही म्हणता ७ नोव्हेंबर. खरं काय?

जन्म ७ नोव्हेंबर १८८८, तिरुचिरापल्ली. २८ फेब्रुवारी ही रामन इफेक्टच्या शोधाची तारीख आहे, साल १९२८, तोच आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो, आणि १९३० मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. ही गल्लत फार ठिकाणी होते, कारण आपल्याकडे कुणाच्या नावाचा दिवस असला की तो त्याचा वाढदिवसच असणार असं धरून चालतात, आणि बऱ्याचदा ते बरोबरही असतं, उदाहरणार्थ २२ डिसेंबर, राष्ट्रीय गणित दिन, तो खरंच रामानुजन यांचा जन्मदिवस आहे. शाळेवर रागावू नका, मुलीला एवढंच सांगा की फेब्रुवारीत शोधाचा दिवस करायचा आणि नोव्हेंबरात वाढदिवस, म्हणजे रामन वर्षातून दोनदा भेटतील. आणि फेब्रुवारीत के. एस. कृष्णन यांचं नाव जरूर घ्यायला लावा, प्रयोगात ते रामन यांच्यासोबत होते.

प्रश्न : मी अकरावीत आहे. टॅकोमाचा पूल अनुनादामुळे म्हणजे रेझोनन्समुळे पडला असं आम्हाला शिकवलं. एवढा मोठा पूल वाऱ्याने पडतो?

पडला, आणि त्याचं शूटिंगसुद्धा झालेलं आहे, इंटरनेटवर सहज सापडेल, बघच. १ जुलै १९४० ला उघडलेला पूल, मधला गाळा २८०० फुटांचा, त्या वेळी जगात तिसऱ्या नंबरचा लांब झुलता पूल. पण रुंदीला अगदी अरुंद, आणि कडेला जाळीच्या त्रिकोणी सांगाड्याऐवजी आठ फूट उंचीच्या भरीव पोलादी पट्ट्या लावलेल्या, त्यामुळे वारा आरपार जायचा नाही, अडायचा. पहिल्यापासूनच तो वरखाली हलायचा, लोकांनी त्याला उड्या मारणारी गर्टी असं टोपणनाव ठेवलं होतं आणि मजा म्हणून गाड्या घेऊन यायचे.

७ नोव्हेंबरला सकाळी वारा होता ताशी साधारण ६७ किलोमीटर, वादळ म्हणावं असाही नाही. आधी पूल नेहमीसारखा वरखाली होत होता, मग दहाच्या सुमारास एक केबलचा पट्टा सरकला आणि पुलाची हालचालच बदलली, तो पिळवटायला लागला, म्हणजे एका बाजूचा फुटपाथ वर गेला की दुसऱ्या बाजूचा खाली. एका वार्ताहराची गाडी मध्येच अडकली, तो हातापायांवर सरपटत बाहेर आला, पण त्याचा कुत्रा, टबी नावाचा, गाडीतच राहिला. इंजिनिअरिंगचे एक प्राध्यापक त्याला काढायला गेले तर घाबरलेला तो मुका जीव त्यांना चावला आणि बाहेर आलाच नाही. अकराच्या सुमारास मधला गाळा खाली पाण्यात गेला. त्या अपघातात जीव गेला तो फक्त टबीचा.

आता तुझा मुद्दा. रेझोनन्समध्ये बाहेरून ठरावीक तालात धक्के बसावे लागतात, पाळण्याला आपण बरोबर वेळेवर झोका देतो तसे. इथे वारा तालात येत नव्हता, एकसारखा वाहत होता. पूल पिळला की वाऱ्याचा दाब बदलायचा, दाब बदलला की पूल आणखी पिळायचा, म्हणजे पुलाची हालचालच वाऱ्यातून ताकद ओढून घेत राहिली, याला फ्लटर म्हणतात. शिक्षकांना नीट जाऊन सांग, वाद घालू नकोस, बऱ्याच पाठ्यपुस्तकांतही ते रेझोनन्स म्हणूनच छापलेलं असतं. त्यानंतर मोठे झुलते पूल बांधायच्या आधी त्यांची मॉडेल्स वाऱ्याच्या बोगद्यात तपासायला लागले.

प्रश्न : अमेरिकेच्या निवडणुका सारख्या ७ नोव्हेंबरलाच कशा दिसतात?

सारख्या नाही, पण दिसतात खऱ्या. १८४५ च्या कायद्याने तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार ठरलाय, तो २ ते ८ च्या मध्येच पडतो, त्यामुळे ७ ची पाळी येत राहते. १९१६, १९४४, १९७२, २०००, सगळ्या ७ नोव्हेंबरच्या. १९१६ ला त्याच दिवशी जेनेट रॅन्किन निवडून आल्या, अमेरिकन काँग्रेसमधल्या पहिल्या स्त्री, चौकटीत त्यांचं नाव राहिलं ही माझी चूक.

प्रश्न : गायक लेनर्ड कोहेन यांचं निधन कुठे ७ तर कुठे १० नोव्हेंबर २०१६ दिसतं.

गेले ७ ला, बातमी जाहीर झाली १० ला. दिनविशेषात ७ च लिहायचं.

प्रश्न : क्रांती, नोबेलवाले शास्त्रज्ञ, राष्ट्राध्यक्ष यांच्या रांगेत एका मुलाचा शाळाप्रवेश? आंबेडकरांबद्दल आदर आहेच, पण शाळेत तर सगळेच जातात.

हा प्रश्न मुद्दाम शेवटी घेतला, कारण याला घाईत उत्तर द्यायचं नव्हतं. शाळेत सगळे जात नव्हते हो, तोच तर मुद्दा आहे. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये, आजचं प्रतापसिंह हायस्कूल, पहिलीच्या इंग्रजी वर्गात नऊ वर्षांच्या मुलाचं नाव दाखल झालं. त्या शाळेतले दिवस त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवलेत. वर्गात बाकीच्यांपासून वेगळं बसायचं, बसायला घरून आणलेलं गोणपाट, आणि शाळा झाडणारा गडी त्याला हात लावणार नाही म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचं नि सकाळी परत आणायचं. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपायाने नळ उघडला तरच पाणी. शिपाई नसेल तर पाणी नाही.

गोणपाट काखेत घेऊन तो मुलगा रोज शाळेत येत राहिला, १९०४ पर्यंत. पुढे मुंबई, १९०७ ला मॅट्रिक, १९१३ ला कोलंबिया विद्यापीठ, आणि मग राज्यघटनेच्या मसुदा समितीचं अध्यक्षपद, हे सगळं तुम्हाला माहितीये. १४ एप्रिल १८९१ या तारखेला त्यांनी स्वतः काही केलं नव्हतं, जन्म कुणाच्या हातात नसतो. रोज गोणपाट उचलून निघणं मात्र त्यांनी केलं, त्याची सुरुवात या तारखेची आहे. २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात ते यासाठीच.

शाळेने ते जुनं रजिस्टर जपून ठेवलंय. १९१४ नंबरच्या ओळीत नाव आहे भिवा, आणि शेजारी त्याची लहान मुलाच्या अक्षरातली सही.