घरी १२ जणांची पेंटिंग पार्टी करायची असेल तर तयारी काय करावी?

मुलं, आजी-आजोबा, मित्र असे १२ जण, बहुतेकांनी शाळेनंतर ब्रश धरलेला नाही, आणि तीन तासांत प्रत्येकाचं चित्र पूर्ण व्हायला हवं, असं तुम्ही विचारलंय. माझा सल्ला: निसर्गचित्राच्या नादी लागू नका, वारली ठेवा. गेरूच्या जमिनीवर, म्हणजे लाल पार्श्वभूमीवर, पांढरा रंग, एवढंच. रंग मिसळून चिखल होण्याचा प्रश्नच येत नाही आणि आठ वर्षांच्या मुलालाही त्रिकोण काढता येतो.

खरं काम आदल्या दिवशी आहे. प्लायवूडच्या दुकानातून ४ मिमी एमडीएफचे (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) १० बाय १२ इंचांचे तुकडे कापून घ्या, दोन जास्तीचे. कडा पॉलिश पेपरने घासा. २०० ग्रॅम गेरू पाण्यात भिजवून फडक्यातून गाळा, त्यात १०० ग्रॅम फेविकॉल घाला आणि पातळ पिठल्याइतकं सैल करा. पुढच्या बाजूला दोन हात द्या, मागेही एक. मागची बाजू कोरी ठेवली तर पातळ एमडीएफ वाळताना वाकतं. सकाळी सुक्या बोटाने चोळून बघा. बोट लाल झालं तर फेविकॉल कमी पडलंय. मिश्रणात आणखी घालून एक हात द्यावा लागेल. जमिनीसाठी पोस्टर कलर मात्र वापरू नका. पाणी लागलं की तो पुन्हा विरघळतो आणि वर काढलेली पांढरी रेघ गुलाबी होते. सगळ्यात जास्त चित्रं याच कारणाने बिघडतात.

पांढरा मात्र ॲक्रिलिकच घ्या, १०० मिलीची बाटली सगळ्यांना पुरून उरते. प्रत्येकाला शून्य नंबरचा आणि तीन नंबरचा असे दोन गोल ब्रश लागतील. रंग एकदम ओतून देऊ नका. झाकणात चमचाभर द्या, संपला की पुन्हा. पंख्याखाली तो अर्ध्या तासात साय धरतो, म्हणून पंखा हळू ठेवा. साधारण सायीच्या दुधाइतका दाट असावा. पाणचट झाला तर रेघ पसरते आणि खालचा गेरूही सुटतो. ब्रश पाण्यात बुडवल्यावर फडक्याला टिपायचा, हे दर दहा मिनिटांनी ओरडून सांगावं लागतं.

आधी खडूने जमिनीची रेघ, झाड आणि झोपडी यांच्या जागा ठरवून घ्या, माणसं शेवटी. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वरचा उलटा. उंची किमान दीड इंच हवी; त्याहून लहान काढला की हात-पाय एकमेकांत मिसळतात. तारप्याचा (तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य) नाच सगळ्यांना हवा असतो, पण तो वळणावळणाचा फेर नवख्याच्या हातात हमखास कोलमडतो. खडूने आधी गोगलगाईसारखी रेघ ओढा, मग तिच्यावर माणसं बसवा. चुकीचा ठिपका पडला तर ओल्या इअरबडने लगेच उचला, चोळू नका.

एक गोष्ट मात्र पाळावी. डहाणू, तलासरी, जव्हारकडे लग्नघरात सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर जो चौक काढतात, त्यात पालघट देवी असते. ते विधीचं चित्र आहे. पार्टीत ते नको. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकापासून ही कला विधीबाहेर, कागद-कॅनव्हासवर नेली (२०११ मध्ये पद्मश्री). शेती, मासेमारी, नाच असे रोजचे विषय त्यांच्याच वाटेवरचे. ते घ्या.

खाणं चित्र झाल्यावरच द्या. तेलकट बोटं लागली की तिथे ॲक्रिलिक धरत नाही, म्हणून भजी-वडे मधे नकोत. चहाचे कप वेगळ्या टेबलावर, नाहीतर कोणीतरी ब्रश चहात बुडवणारच. कपड्यावर पांढरा उडाला तर ओला असतानाच गार पाण्याने धुवा, वाळल्यावर निघत नाही. गेरूचे डबे बेसिनमध्ये धुऊ नका, तळाशी बसलेला गाळ पाइपात जाऊन बसतो. बादलीत धुवा, गाळ खाली बसू द्या आणि कागदाने पुसून कचऱ्यात टाका.

वार्निश त्याच संध्याकाळी मारायची घाई नको. जाड ठिपके आतून ओले असतात. एक दिवस थांबून गच्चीवर स्प्रे वार्निशचे दोन हलके हात द्या. ब्रशने लावायचं पाण्याचं वार्निश घेतलं तर खालचा गेरू सुटून पांढऱ्यावर ओढला जातो.