साडीच्या दुकानात दोन मोठे टॉवर नकोत, छोटे जास्त स्पीकर हवेत

ताई, तुम्ही मापं दिलीत म्हणून नीट सांगता येतंय. सांगलीत साडीचं दुकान, तळमजला 20 बाय 60 फूट, वरचा मजला 20 बाय 30, छत 10 फूट, पीओपीचं खोटं छत पुढच्या आठवड्यात बंद होणार, आणि डीजेचं काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाने गल्ल्याजवळ 15 इंची दोन टॉवर लावायला सांगितलेत. ते पुरतील का, असं विचारलंय. आवाज पुरेल, पण दुकानात बोलणं अवघड होईल. टॉवर घेऊ नका.

कारण साधं आहे. मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. टॉवरपासून 3 फुटांवर आणि 48 फुटांवर चार वेळा दुप्पट, म्हणजे 24 डेसिबलचा फरक. बंद दुकानात भिंती थोडा आवाज परत देतात, पण तुमच्या भिंतींवर साड्यांची थप्पी आहे आणि कापड आवाज पितं. म्हणजे मागच्या पैठणीच्या काउंटरला गाणं ऐकू यायचं तर गल्ल्यावर बसलेल्या माणसाला गिऱ्हाईकाचं बोलणं कळणार नाही. आपल्याला हवंय ते उलटं: सगळीकडे सारखा, हळू आवाज, आणि तो कुठून येतोय हे कळू नये.

म्हणून छतात बसणारे 6 इंची स्पीकर. किती आणि कुठे, याचा हिशेब बहुतेक जण उभ्या माणसाच्या कानावर करतात. साडीच्या दुकानात गिऱ्हाईक गादीवर बसतं. गादीवर मांडी घालून बसलेल्या बाईचा कान जमिनीपासून साधारण 3 फुटांवर, म्हणजे छतापासून 7 फूट खाली. 90 अंशांत आवाज पसरवणारा स्पीकर तिथे 14 फुटांचं वर्तुळ भरतो. उभ्या माणसाच्या कानाशी तेच वर्तुळ 10 फुटांचं होतं. तुमच्याकडे दोन्ही आहेत, म्हणून रुंदीत दोन ओळी 10 फुटांवर (भिंतीपासून 5 फूट सोडून) आणि लांबीत मधला आकडा, 12-12 फुटांवर धरा. खाली 10, वर 10-10 फुटांवर 6. ट्रायल रूममध्ये दोन छोटे, त्यांना वेगळा व्हॉल्यूम कंट्रोल. तिथे आई-मुलगी हळू आवाजात खर्चाचं बोलत असतात, त्यांच्या डोक्यावर गाणं वाजू नये.

आता वायरिंग. इथेच जास्त घोळ होतो. इचलकरंजीच्या एका दुकानात, मी या लाइनमध्ये नवा असताना, चार 8 ओहमचे स्पीकर समांतर जोडले. भार झाला 2 ओहम, ॲम्प्लिफायर 4 ओहमच्या खाली न चालणारा (ओहम जितके कमी, तितका त्याच्यावर ताण जास्त). ट्रायलला हळू आवाजात चाललं. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दुकान भरलं, मालकांनी आवाज वाढवला आणि ॲम्प्लिफायर गरम होऊन बंद पडला. तेव्हापासून तीन-चारच्या वर स्पीकर असले की मी 100 व्होल्ट लाइनच टाकतो. यात प्रत्येक स्पीकरला छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्यावर दीड, 3, 6 वॅट असे टॅप, म्हणजे स्पीकरने किती वॅट घ्यायचे ते ठरवणारे जोड. सगळे स्पीकर एकाच जोडतारेवर समांतर, आणि हिशेब म्हणजे नुसती बेरीज: 16 स्पीकर 3 वॅटवर 48, ट्रायल रूमचे दोन दीडवर 3, एकूण 51. वर 20 टक्के मोकळे ठेवा, 61 झाले. म्हणजे 60 चा ॲम्प्लिफायर काठावर पडतो, 100 च्या आसपासचा घ्या. ॲम्प्लिफायरच्या मागे कॉम आणि 100 व्होल्ट एवढ्याच दोन स्क्रूंना लाइन जाते, 4 किंवा 8 ओहमला नाही. आणि या लाइनवर साधा, ट्रान्सफॉर्मर नसलेला स्पीकर चुकूनही जोडू देऊ नका, जळेल. पूर्ण आवाजात तारेवर 100 व्होल्ट असतात, तेव्हा जोड उघडे ठेवू नका.

3 वॅट कमी वाटतील, पण नाहीत. 1 वॅटला 1 मीटरवर 90 डेसिबल देणारा स्पीकर 3 वॅटवर साधारण 95 देतो, गादीपर्यंत 88. तुम्हाला लागणार 60 ते 65.

स्टिरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरला वेगवेगळा आवाज, करू नका. गिऱ्हाईक फिरतं, अर्ध्या दुकानात नुसती तबल्याची बाजू ऐकू येईल. दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो करा, नुसता डावा घेऊ नका.

स्पीकरची तार लाइटच्या पाइपातून नेऊ नका, गुणगुण येते. पीओपीच्या छतावर स्पीकरचं वजन टाकू नका, स्लॅबला वेगळी साखळी किंवा तार बांधा. आणि मालकांचा मोबाइल ब्लूटूथला कायमचा जोडू नका. कुणाचा तरी व्हॉट्सॲप कॉल अख्ख्या दुकानात वाजतो, हे मी पाहिलंय. दुकानासाठी वेगळा जुना फोन किंवा टॅब ठेवा.

गाणी कुठून, हेही ठरवा. मोबाइलवरच्या संगीत ॲपचं वैयक्तिक खातं घरच्या ऐकण्यासाठी असतं. दुकानात वाजवायला परवाना लागतो, आणि रेकॉर्डिंगचे हक्क वेगळे, गीत-संगीताचे वेगळे. पीपीएल (रेकॉर्डिंगसाठी) आणि आयपीआरएस (गीत-संगीतासाठी) या संस्थांशी आधीच बोलून घ्या, दसऱ्याच्या गर्दीत नोटीस आली तर त्रास होतो. रस्त्याच्या बाजूला स्पीकर अजिबात नको. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत व्यापारी भागाची मर्यादा दिवसा 65 डेसिबल आहे.

माझं मत विचाराल तर शब्द नसलेलं संगीत लावा, संतूर, बासरी, सनई. गाण्याचे शब्द आणि "हा रंग दाखवा" हे एकमेकांवर आदळतात. आणि तुमच्या सेल्सगर्लना तीच यादी दिवसाला दहा तास ऐकायची असते. त्यांना विचारून ठरवा, मधे तासभर पूर्ण बंद ठेवा.

पीओपीवाल्याला आजच सांगा: पुट्टीआधी भोकं पाडायची, प्रत्येक जागी हातभर जादा तार सोडायची, जागांचे फोटो काढून ठेवायचे. शेवटचं ट्यूनिंग माल भरल्यावर. रिकाम्या दुकानात आवाज घुमतो, साड्या आल्या की तोच मंद होतो. तेव्हा गादीवर बसून ऐका, आणि जिथे कमी-जास्त वाटेल तिथे स्पीकर काढून टॅप बदला.