मनालीच्या आठ दिवसांसाठी 55 हजारांचे टायर?

रावेरहून एका वाचकाने विचारलंय: केळीचे पैसे हातात आलेत, डिसेंबरअखेर घरची गाडी घेऊन मनाली आणि पुढे अटल बोगद्यातून सिस्सूला जायचंय. बर्फावर गाडी घसरते म्हणून हिवाळी टायरचा सेट घ्यावा का? दुकानदार 55 हजार सांगतो.

नका घेऊ. तुमची भीती खरी आहे, हिशेब चुकतोय.

पारा 7 अंशांच्या खाली गेला की साध्या टायरचं रबर कडक होऊ लागतं, पकड कमी होते. हिवाळी टायरचं रबर मऊ असतं, थंडीतही लवचिक राहतं. तोच मऊपणा आपल्याकडे अंगाशी येतो. जानेवारीच्या पहाटे आपल्या केळीला चरका बसतो, मान्य. पण मे महिन्यात 45 अंशांत भुसावळच्या रस्त्यावर ते टायर खोडरबरासारखे झिजतील. काढून ठेवले तरी रबर पडल्यापडल्या जुनं होतंच.

त्यात तुमची गाडी टू-व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचा जोर दोनच चाकांना. बर्फ पडला की मनालीच्या पुढे पोलीस बऱ्याचदा फोर बाय फोर (चारही चाकांना जोर असलेल्या) नाहीतर टायरला चेन लावलेल्याच गाड्या सोडतात. तेव्हा गाडी मनालीत हॉटेलवर लावा आणि सिस्सूला तिथली फोर बाय फोर टॅक्सी करा. काही हजारांत काम होतं, आणि तिथल्या ड्रायव्हरला सावलीतलं कोणतं वळण सकाळी काचेसारखं गोठतं ते पाठ असतं. (अशा न दिसणाऱ्या पातळ, म्हणजे काळ्या बर्फावर हिवाळी टायरही घसरतो, हे दुकानदार सांगणार नाही.)

खर्च करायचाच तर तुमच्या रोजच्या टायरवर करा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत टायरच्या कडेला 2919 दिसतंय, म्हणजे 2019 सालचा 29वा आठवडा. नक्षी दीड मिलिमीटरवर आलीय म्हणता. कायद्याची किमान मर्यादाच 1.6 आहे. याच टायरवर तुम्ही पावसाळ्यात कन्नड घाट चढता! चार साधे, चांगल्या कंपनीचे टायर निघायच्या आधी बदला. उरलेले पैसे केळीच्या पुढच्या लागवडीला ठेवा.

आणखी एक. गाडीच्या विम्याच्या साध्या पॉलिसीत नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही. अपघातात गाडीसोबत टायर गेला तरी निम्मीच किंमत मिळते, बाकीची खिशातून. टायरसाठी वेगळं कव्हर जोडायचं तर ते सहसा नूतनीकरणाच्या वेळीच, म्हणून मनालीला निघण्याआधी पॉलिसीची तारीख बघून घ्या.