राणीने ‘राज्य केले’ की राणी ‘गादीवर होती’?

प्रश्न असा: ‘दुसऱ्या एलिझाबेथ राणीने ७० वर्षे राज्य केले’ हे वाक्य एका वाचकाला खटकले. कारभार पंतप्रधान पाहत होते, मग राणीने ‘राज्य केले’ कसे? आणि हे चूक असेल, तर इंग्लंडच्या आठव्या हेन्रीबद्दलही तसे लिहू नये का?

खटकले ते रास्तच आहे. ‘राज्य करणे’ या मराठी क्रियापदात गादीवर असणे आणि हुकूम चालवणे ही दोन्ही एकत्र आली आहेत. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘रेन’ आहे, दुसऱ्यासाठी ‘रूल’ किंवा ‘गव्हर्न’. बातमीत ‘रेन’ दिसले की आपण डोळे झाकून ‘राज्य केले’ लिहून मोकळे होतो. खरे तर मराठीने हे क्रियापद राजांकडून केव्हाच काढून घेतले आहे. ‘अमुक पक्षाने दहा वर्षे राज्य केले’ हे आपण सहज बोलतो आणि ‘राज्यकर्ते’ म्हटले की मंत्रीच आठवतात.

तेव्हा एलिझाबेथबद्दल ‘७० वर्षे राणी होत्या’, ‘१९५२ ते २०२२ गादीवर होत्या’ किंवा ‘त्यांची कारकीर्द ७० वर्षांची’ असे लिहावे. हेन्रीने मात्र १५०९ ते १५४७ राज्यच केले, तिथे शब्द बदलायचे कारण नाही. तरी एक लक्षात ठेवावे: चर्चचे प्रमुखपद आपल्याकडे असल्याचा कायदा त्याने १५३४ साली पार्लमेंटकडूनच करून घेतला. जबरदस्त राजालाही कुणाच्या तरी तोंडून ‘हो’ ऐकावे लागे.

मग क्रियापद नेमके कधी बदलायचे? इथे एकच साल सांगता येत नाही. १६८९ च्या अधिकारांच्या विधेयकाने राजाचे हात बऱ्यापैकी बांधले: पार्लमेंटच्या संमतीवाचून कर बसवायचा नाही, कायदा स्थगित करायचा नाही, शांततेच्या काळात खडे सैन्य बाळगायचे नाही. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यातले वेगळेच कलम मला मोलाचे वाटते. विल्यम आणि मेरी या पतिपत्नींना एकत्र गादी दिली, नावे दोघांची चालणार, मात्र अधिकार चालवणार एकटा विल्यम, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. गादी आणि कारभार यांची फारकत खुद्द कायद्याच्या मजकुरात! पुढे विल्यम आयर्लंडच्या मोहिमेवर निघाला तेव्हा, १६९० साली, त्याच्या गैरहजेरीत मेरीला कारभार पाहता यावा म्हणून वेगळा कायदा करावा लागला. म्हणजे मेरी राणी होती, पण तिने ‘राज्य केले’ ते नवरा घरी नसताना.

राण्यांच्या बाबतीत अधिकाराची ही शंका आधीपासून होती. पहिल्या मेरीच्या वेळी, १५५४ साली, पार्लमेंटला कायद्याने सांगावे लागले की मुकुट स्त्रीच्या डोक्यावर असला तरी राजसत्ता तितकीच पूर्ण आहे. मराठीत ‘राणी’ म्हणजे राजाची बायकोही, त्यामुळे आपला गोंधळ आणखी वाढतो. एलिझाबेथ स्वतःच्या हक्काने राणी होत्या, सध्याच्या कॅमिला तिसऱ्या चार्ल्सच्या पत्नी म्हणून.

त्यानंतर अधिकार हळूहळू ओसरत गेले. पार्लमेंटने मंजूर केलेले विधेयक राणी ॲनने १७०८ साली नाकारले, तो नकार शेवटचा ठरला. १८३४ मध्ये चौथ्या विल्यमने पंतप्रधान मेलबर्नचे मंत्रिमंडळ घालवले, पण पुढच्याच वर्षी तोच मेलबर्न पुन्हा पंतप्रधान झाला. १८६७ साली इंग्लंडच्या राज्यघटनेवर लिहिणाऱ्या बॅजट या पत्रकाराने लिहिले की राजाकडे तीन हक्क उरले आहेत: त्याला विचारले जावे, त्याने उत्तेजन द्यावे आणि इशारा द्यावा. या मधल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतल्या राजांसाठी मी ‘कारकीर्द’ हाच शब्द पसंत करतो. तो पंतप्रधानांनाही चालतो आणि कोणाकडे किती सत्ता होती यावर काही बोलत नाही.

पण राजांची सत्ता सगळीकडे एकाच दिशेने उतरत गेली असे समजू नये. डेन्मार्कमध्ये १६६० पर्यंत राजा सरदारांच्या अटींनी जखडलेला होता. त्यानंतर तो अनियंत्रित झाला, आणि १६६५ मध्ये तसा लेखी कायदाही झाला. १८४९ च्या घटनेने पुन्हा लगाम घातला. जपानमध्ये तर १६०३ ते १८६८ सम्राट क्योतोत आणि सत्ता तोकुगावा घराण्यातल्या शोगुनांकडे, म्हणजे लष्करी प्रमुखांकडे होती. तिथल्या त्या काळातल्या सम्राटाने ‘राज्य केले’ लिहिणे एलिझाबेथइतकेच फसवे आहे. आपल्याला हे नवे वाटू नये. १७५० च्या सांगोल्याच्या करारानंतर सातारची गादी छत्रपतींची आणि कारभार पेशव्यांचा. तरीही पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहूनच यावी लागत.

आजच्या राजांपैकी एस्वातिनी किंवा सौदी अरेबियाच्या राजांबद्दल ‘राज्य करतात’ खुशाल लिहावे. स्वीडनबद्दल मात्र ‘राजा पंतप्रधानांची नेमणूक करतो’ असेही लिहू नका. १९७५ मध्ये लागू झालेल्या घटनेनुसार पंतप्रधानांचे नाव सभापती सुचवतात, संसद त्यावर मतदान करते आणि राजाचा त्यात औपचारिक हातही नसतो. अडचण येते ती लिख्टेनश्टाइन या युरोपातल्या चिमुकल्या देशाची. तिथल्या मतदारांनी २००३ साली राजाचे अधिकार चक्क वाढवून दिले. मंत्रिमंडळ बरखास्त करणे आणि कायदा अडवणे त्याच्या हातात आहे, म्हणून ‘राज्य करतात’ हे तिथे शोभते. फक्त कर्ता जपून निवडावा: गादी हान्स-आडाम यांची आहे, आणि २००४ पासून रोजचा कारभार युवराज अलोइस पाहतात.