आधी घाटकोपरला गाडी बदल

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. एवढा लांबलचक की वाचता वाचता दोनदा चहा झाला. शेवटी तू आपली मुंबई सिटी एफसी सोडून गेलेल्या फुटबॉलरांची यादीच दिली आहेस. अपुइया गेला, भेके गेला, डियाझ गेला, नोगेरा गेला, मेहताब गेला, आता बिपिनसुद्धा गेला. आणि त्याखाली एकच ओळ : "काका, आता कोणासाठी यायचं?" त्यात डिसेंबर 2025 मध्ये मँचेस्टर सिटीवाल्या सिटी ग्रुपनेही क्लबमधला आपला हिस्सा सोडला, आयएसएल लीग वेळेवर सुरूच झाली नाही, आणि कॉलेजातली पोरं तुला हसून विचारतात की तो क्लब अजून आहे का.

यादी बरोबर आहे. एकही नाव चुकलेलं नाही, आणि तेच मला खटकलं. कोण कुठे गेलं याचा हिशेब तुझ्याकडे चोख आहे. आता दुसरा हिशेब कर. गेल्या दोन सीझनमध्ये तू अंधेरीला किती वेळा आलीस? मी मोजलंय. चार. त्यातल्या एका मॅचला हाफटाइमनंतर पोचलीस.

मॅचला जा. पहिल्यांदा हे सांगून टाकतो, कारण पुढे मी कुठे वाहवत जाईन याचा नेम नाही.

तुझं ते इंग्लंडचं आर्सेनल बघू नकोस असं मी म्हणत नाही. रात्री जागून बघ, आईच्या शिव्या खा, सगळं कर. पण आर्सेनलला तू नसलीस तरी चालतं. अंधेरीचं आपलं मैदान सहा-सात हजारांचं. तिथे तुझी खुर्ची रिकामी राहिली की समोरच्या स्टँडवरून दिसते. मला तरी दिसते.

बिपिनवर तू रागावली आहेस, ते मला अजिबात पटलं नाही. 13 मार्च 2021, गोव्यातलं फातोर्डा, आयएसएलची फायनल, समोर एटीके मोहन बागान. 1-1 असताना 90व्या मिनिटाला गोल कोणाचा? बिपिनचा. 4 मे 2024, कोलकात्याचं सॉल्ट लेक, पुन्हा फायनल, पुन्हा मोहन बागान, त्यांच्या घरात, त्यांच्या गर्दीसमोर. आपण आधी एक खाल्ला, डियाझने बरोबरी केली, आणि 81व्या मिनिटाला पुढे कोणी नेलं? त्यानेच. मणिपूरच्या या मुलाने दोन फायनल जिंकून दिल्या आणि मग ईस्ट बंगालला गेला, तर तू त्याला 'गद्दार' म्हणतेस? फुटबॉलरचं आयुष्य दहा-बारा वर्षांचं, त्यात गुडघा एकदा गेला की तेवढंही नाही. तो अंधेरीत येईल तेव्हा उभं राहून टाळ्या वाजवायच्या, आणि शिट्टी वाजली की मग त्याच्या नावाने काय ओरडायचं ते ओरड.

डियाझचं मात्र मलाही लागलं, खोटं कशाला बोलू. 29 मार्च 2025 ला बंगळुरूत आपण पाच खाल्ले आणि पाचवा त्याने मारला, बंगळुरूकडून. आपलाच डियाझ. मी टीव्ही बंद करून गच्चीवर गेलो. म्हणजे बघ, हा उपदेश करणारा माणूससुद्धा शेवटपर्यंत बसला नव्हता.

आता मॅनेजर, म्हणजे कोच. क्रात्की घाबरट खेळवतो, पूर्वीच्या लोबेरासारखा पासिंगचा खेळ राहिला नाही, त्याच्यानंतरचा बकिंगहॅम मध्येच इंग्लंडच्या ऑक्सफर्ड क्लबला पळाला, हे सगळं तू लिहिलंयस. लोबेराने एकाच सीझनमध्ये शील्ड (लीगमध्ये पहिला नंबर) आणि कप (फायनल) दोन्ही दिले, तो खेळ देखणा होता, कबूल. बकिंगहॅमने रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवलं. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात भारतीय क्लबने जिंकलेली ती पहिली मॅच. पुढच्या सीझनला सलग 18 मॅचेस न हरता शील्ड. हे सगळं तुला पाठ आहे. पण मॅनेजरबद्दल मत द्यायची मला भीती वाटते, आणि त्याला कारण आहे खालिद जमील.

खालिदला मी मुंबईच्या जुन्या महिंद्रा टीमच्या लाल जर्सीत खेळताना पाहिलाय. पुढे तो मुंबई एफसीचा कोच झाला, तो आपल्या सिटीहून वेगळा, जुना क्लब. 2009 ते 2016, सात सीझन. पैसा कमी, नावाचे खेळाडू जवळपास नाहीतच, आणि दरवर्षी टीम खालच्या लीगमध्ये जाते की काय अशी धास्ती. ती कधी गेली नाही, हा माणूस दरवर्षी तिला काठावर ठेवायचा. आणि आम्ही स्टँडमध्ये बसून काय करायचो? ओरडायचो. "अरे जमिनीवर खेळवा की! किती लांब मारायचा?" सर्वांत मोठा आवाज माझा असायचा. 2016 ला तो गेला तेव्हा मी म्हटलं, सुटलो. पुढच्याच सीझनला मुंबई एफसी तळाला जाऊन आय-लीगमधून बाहेर पडली. आणि त्याच सीझनला, अगदी त्याच, खालिदने मिझोरामच्या आयझॉलला चॅम्पियन केलं. मुंबई एफसी परत वर आलीच नाही. ऑगस्ट 2025 ला तो भारताचा कोच झाला, तेव्हा आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ मला सांगत होते, "खालिद म्हणजे आपल्या मुंबईचा माणूस हं." मी किल्ली शोधत राहिलो.

तेव्हा क्रात्कीबद्दल मला विचारू नकोस. दहा मॅचेस मैदानात बसून बघ. कोण परत धावतो, बॉल हरल्यावर कोण हात वर करून उभा राहतो, बेंचवर कोणाचं तोंड पडलंय, हे कॅमेऱ्यात येत नाही. मग बोल. मग मी ऐकेन.

फातोर्ड्याची गोष्ट तुला सांगितलीय का? सांगितली असेल तरी पुन्हा ऐक. 24 एप्रिल 2024, सेमीफायनलचा पहिला सामना. मी मडगावला बहिणीकडे गेलो होतो, म्हणजे बहिणीकडे जाण्याचं निमित्त काढलं होतं. गोव्याच्या लोकांत एकटा बसलो, जर्सी पिशवीत. 90 मिनिटं झाली, गोवा 2-0 ने पुढे. शेजारी एक म्हातारा गोंयकार बसला होता. मी मुंबईचा आहे हे त्याने केव्हाच ओळखलं होतं. त्याने कीव येऊन भाजलेल्या चण्यांची पुडी माझ्यापुढे धरली. मी दोन चणे घेतले. आपल्या छांगटेने एक मारला. म्हातारा हसला, पुडी तशीच पुढे. विक्रम प्रतापने दुसरा मारला, 2-2. पुडी थोडी मागे गेली. आणि सहाव्या जादा मिनिटाला छांगटेने तिसरा मारला तेव्हा त्याने पुडीचं तोंड नीट दुमडलं, खिशात घातली आणि सरळ समोर बघत बसला. मी ओरडलो नाही. त्या माणसाशेजारी ओरडवेना. जाताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कोकणीत काहीतरी म्हणाला, बहुतेक शिवीच असावी.

तू तीच मॅच मोबाइलवर पाहिलीस आणि म्हणालीस, "काय भारी कमबॅक!" तुझ्या-माझ्यात फरक एवढ्या चण्यांचा आहे.

आता तू माझ्या बोलण्यातली फट शोधणार, तुला मी ओळखतो. 2021 ची फायनल तर रिकाम्या मैदानात झाली, कोविडमध्ये, मग तेव्हा कोणता काका गेला होता? बरोबर आहे. आपला सर्वांत मोठा दिवस आपल्याशिवाय झाला. पहिल्या हाफच्या शेवटी आपला अमेय राणावडे, मुंबईचा पोरगा, टक्कर होऊन पडला तो उठेचना. त्याला अ‍ॅम्ब्युलन्समधून न्यावं लागलं. एरवी अशा वेळी सगळं मैदान गप्प होतं आणि मग टाळ्या सुरू होतात. त्या दिवशी फक्त खेळाडूंचे एकमेकांना हाका मारण्याचे आवाज येत होते. मी घरात सोफ्याच्या हाताला धरून उभा होतो. जिंकलो तेव्हा बायकोने पेढे आणले, पण खरं सांगू? काहीतरी अर्धवट राहिलंय असं अजून वाटतं. त्या दिवशी जाता येत नव्हतं. तुला येतंय आणि तू येत नाहीस. माझं बोलणं त्याने खोटं पडत नाही.

आणि आता ते सांगतो जे तुझ्या बाबांना माहीत आहे आणि तुला त्याने सांगितलेलं दिसत नाही.

मी आणि तुझा बाबा ऑफिसातून कूपरेजच्या मैदानावर जायचो. महिंद्रा युनायटेड आमची. 2005-06 ला डेरिक परेरा कोच, पुढे बरेटो आणि याकुबू, कडेने आपला स्टीव्हन डायस, आणि तेव्हाच्या नॅशनल लीगचं जेतेपद मुंबईत आलं. लाकडी फळ्यांवर बसून पार्श्वभाग दुखायचा. साहेबाला दाताचा डॉक्टर सांगून मी इतक्या दुपारी निघालोय की त्या हिशेबाने माझ्या तोंडात एकही दात उरायला नको. मग केबल आली, युरोप आला. शनिवारी-रविवारी तिकडचा झगमगता खेळ बघायचा आणि मग कूपरेजचं खडबडीत गवत नकोसं वाटायचं. आमचं जाणं कमी झालं. तुझ्या बाबाचं झालं नाही, माझं झालं.

2010 ला बातमी आली की हा महिंद्राचा शेवटचा सीझन. कंपनी आता शाळांच्या फुटबॉलकडे लक्ष देणार. 1962 पासूनची टीम, बंद. तुझ्या बाबाने फोन केला, "शेवटची घरची मॅच आहे, येतोस ना?" मी हो म्हटलं. गेलो नाही.

पंधरा वर्षं मी लोकांना सांगत आलोय की मला ते बघवलं नसतं. आपल्या टीमची तिरडी उचलताना कोण बघणार? ऐकणाऱ्यांना पटतं. काहींच्या डोळ्यांत पाणी येतं. खरं असं आहे की आदल्या रात्री युरोपातली मॅच मी पहाटेपर्यंत बघितली होती आणि दुपारी मला झोप लागली. उठलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. एवढंच.

मी गेल्याने क्लब वाचला नसता, हे मला कळतं. निर्णय झालेला होता. शिवाय त्या आठवड्यात ऑफिसात वर्षअखेरचं काम फार होतं, तुझी काकू आजारी होती... बघ, पुन्हा सुरू झालो. तिला साधी सर्दी होती. पण हेही सांगतो की माझ्यासारखे दोन-पाच हजार लोक त्याआधीची पाच वर्षं तिथे बसले असते, तर बंद करणाऱ्याला निदान एकदा आकडा बघून थांबावं लागलं असतं. हे माझं मत आहे, ते मी मरेपर्यंत सोडणार नाही, आणि तू त्यावर माझ्याशी वाद घालू नकोस.

म्हणून तुझी ती ओळ वाचून मला राग आला. "कोणासाठी यायचं?" अगं, 2014 ला लोक नेरुळला अनेल्का आणि ल्युंगबर्गसाठी आले, 2016 ला अंधेरीत फोर्लानसाठी आले. ते खेळाडू गेले तसे ते लोकही गेले. 2019 च्या सेमीफायनलला आपल्याच घरी गोव्याने पाच मारले तेव्हा तिसऱ्या गोलनंतर पायऱ्यांवर रांग लागली होती. जे बसून राहिले त्यांच्याशीच मी आजही मॅचच्या दिवशी बोलतो. त्यातल्या निम्म्यांची आडनावं मला माहीत नाहीत.

पुढे काय होणार, हे विचारलंस. पैसा कमी होणार. परदेशी खेळाडू पूर्वीच्या तोडीचे मिळणं कठीण. सिटी ग्रुपची ती खेळाडू शोधणारी यंत्रणा आपल्यापाशी राहणार नाही. आपण हरू, बहुधा बरेच वेळा. मला याची भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती मुंबईची पोरं टीममध्ये किती, या प्रश्नाची. राणावडेसारखे आणखी चार कुठे आहेत? असतील तर ते कूपरेजवर मुंबईच्या लीगमध्ये धावत असतील आणि त्यांना बघायला त्यांच्या आया आणि एखादा रिकामटेकडा म्हातारा असेल. तो म्हातारा म्हणजे मी. एखाद्या दुपारी तूही चल.

रात्री उशीर होतो, बाबा ओरडतात, हे तुझं एकमेव कारण मला मान्य आहे. साडेसातची मॅच सुटून डोंबिवलीला पोचायला सव्वाअकरा होतात आणि शेवटच्या डब्यात तू एकटी, हे मलाही नको. त्यावर उपाय मी काढलाय.

जाताना डोंबिवलीहून फास्ट पकड, घाटकोपरला गाडी बदल, मेट्रोने आझादनगरला उतर. पाण्याची बाटली आणू नकोस, गेटवर काढून घेतात. पॉवर बँकही नको. स्टेशनखाली वडापाववाला उभा असतो, त्याच्याकडे सहा वाजता ये, मी तिथेच असेन. तीन तिकिटं मी काढतोय. तिसरं तुझ्या बाबाचं. त्याला म्हणावं, दाताच्या डॉक्टरकडे जायचंय. त्याला कळेल. आणि नाही म्हणाला, तर सांग की या वेळी मी दुपारी झोपणार नाही.

तुझा,
काका