ल सांतिएला जाणाऱ्या घड्याळवेड्यास

चि. ...,
अनेक आशीर्वाद.

तुमचा घड्याळवेड्यांचा ग्रुप येगर-लकूल्त्र या स्विस घड्याळ कंपनीच्या कारखान्यात जातोय, झकास! हातात काय घालू म्हणून विचारलंस. आजोबांची एचएमटी जनता घाल, आणि बेधडक घाल. ग्रुपमध्ये एकमेकांची मनगटं न्याहाळणारे दोघं-तिघं असतातच. त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. कारागीर माणसाला चावीचं घड्याळ कुठलंही असो, बघायला आवडतं.

कारखान्याचं गाव ल सांतिए, स्वित्झर्लंडमधल्या ज्युराच्या डोंगरात, साधारण हजार मीटर उंचीवर. हिवाळ्यात बर्फ पडून शेतीची कामं बंद झाली की तिथले शेतकरी घरात बसून घड्याळाचे सुटे भाग करायचे. तिथेच १८३३ मध्ये अंत्वान लकूल्त्रने कार्यशाळा थाटली. हा गडी मुळात यंत्रं करणारा. दातेरी चक्रं कापायचं मशीन त्याने बनवलं, १८४४ मध्ये मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, मोजणारं उपकरणही. म्हणून संगणकावर चालणारी सीएनसी मशीनं दिसल्यावर ग्रुपमधल्या कुणी नाक मुरडलं, तर तू सामील होऊ नकोस. मशीन कुठे थांबतं आणि हात कुठे सुरू होतो, ते बघायला तू चालला आहेस.

ती जागा ओळखायची सोपी खूण सांगतो. भिंग मिळालं की यंत्रणेच्या पट्ट्यांच्या कडा बघ. तिरप्या तासून आरशासारख्या चकचकीत केलेल्या असतात. आता दोन कडा आतल्या बाजूला मिळतात तो कोपरा शोध. कापणारं हत्यार गोल फिरतं, त्यामुळे तो कोपरा किंचित गोलसर राहतो. टोकदार हवा असेल तर माणसाला बारीक कानस घेऊन बसावं लागतं. शेवटची झिलई कधी कधी जेन्शियन नावाच्या डोंगरी झाडाच्या वाळक्या दांडीने देतात. सगळ्याच मॉडेलांत एवढी मेहनत नसते, महागड्यांतही नसते. असा कोपरा दिसला तर किमतीबद्दल अवाक्षर काढू नकोस. एवढ्या कामाला किती वेळ लागतो आणि बिघडलं तर तुकड्याचं काय करता, एवढंच विचार. माणूस खुलतो.

रिव्हर्सो मात्र हातात घेऊन बघच. १९३१ चं हे घड्याळ आपल्याकडच्या पोलोच्या मैदानावरून सुचलेलं. खेळताना इंग्रज अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या, म्हणून घड्याळाची अख्खी डबी सरकवून उलटी करायची, म्हणजे काच आत लपवायची सोय. उलटताना खटका कसा बसतो, तिकडे कान दे.

घड्याळ हातात घेण्याआधी अंगठी-कडं काढ आणि ते ट्रेच्या वरच धर. फोन लांब ठेव, त्यातल्या चुंबकाने चाल बिघडू शकते. दुसऱ्याच्या घड्याळाची तारीख विचारल्याशिवाय फिरवायची नाही, त्यातून घड्याळात रात्रीचे दहा ते दोन वाजलेले असताना तर मुळीच नाही. त्या वेळात तारखेचे दाते अडकलेले असतात.

शेवटी विक्रीच्या दालनात नेतील, कॉफी पाजतील. तिथे गोड बोलण्याला भुलून हो म्हणण्याआधी सर्व्हिसिंगला किती पैसे आणि किती महिने लागतात, ते विचारून घे.

तुझा,
काका